सोव्हिएत ज्यूंच्या सुटकेची चळवळ आणि रब्बी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परक्या देशातली राजवट आपल्या नागरिकांना छळते, तेव्हा सीमेपलीकडचा धर्मगुरू काय करू शकतो? १९६४ ते १९९१ या काळात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या रब्बींपुढे हा प्रश्न रोजचा होऊन बसला होता. सोव्हिएत संघातल्या ज्यूंसाठी त्यांनी काय केले, कशावरून भांडले आणि कुठे चुकले, याबद्दल वाचक जे विचारतात त्याची उत्तरे इथे दिली आहेत. शेवटी दारफुर आणि चीनबद्दलही थोडे आहे.

सोव्हिएत राजवटीत ज्यूंवर नेमका कोणता अन्याय होत होता?

१९५९ च्या जनगणनेनुसार सोव्हिएत संघात सुमारे २२ लाख ६८ हजार ज्यू होते. प्रत्येकाच्या अंतर्गत पासपोर्टवर ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात ‘ज्यू’ असे लिहिलेले असे. म्हणजे ज्यू म्हणून ओळख पुसता येत नव्हती, आणि ज्यू म्हणून जगताही येत नव्हते. हिब्रू शिकवणे हा संशयास्पद उद्योग मानला जाई. ख्रुश्चेव्हच्या धर्मविरोधी मोहिमेत शेकडो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, बंद झाले आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत शंभरापेक्षा कमी उरले. १९६२ मध्ये वल्हांडणाच्या सणासाठी लागणारी बेखमीर भाकरी, म्हणजे मात्झा, सरकारी बेकऱ्यांत भाजणे बंद करण्यात आले. घरी भाजून विकणाऱ्यांवर खटले झाले.

विद्यापीठांत आणि वरच्या नोकऱ्यांत ज्यूंना लेखी नसलेली मर्यादा होती. या सगळ्याला कंटाळून देश सोडायचा म्हटले, तर तोही दरवाजा बंद. १९६८ या अख्ख्या वर्षात जेमतेम दोन-अडीचशे जणांना बाहेर पडता आले.

रब्बी हे ज्यूंचे धर्मगुरू ना? मग सगळ्यांनी मिळून एकच भूमिका का घेतली नाही?

रब्बी हा मुळात शिक्षक आणि धर्मशास्त्राचा जाणकार. पौरोहित्य हे त्याचे मूळ काम नव्हे. ज्यू धर्मात पोपसारखे एकच सर्वोच्च पद नाही. ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म अशा प्रवाहांच्या वेगवेगळ्या संस्था आहेत, आणि ऑर्थोडॉक्सांमध्येही प्रत्येक परंपरेचा थोर रब्बी वेगळा. ब्रिटनमध्ये ‘चीफ रब्बी’ हे पद आहे, पण तेही सगळ्या प्रवाहांवर बंधनकारक नाही. त्यामुळे ‘रब्बींची भूमिका’ असे एकवचनात बोलता येत नाही. या चळवळीतला सर्वांत कडवा वाद रब्बींचा रब्बींशीच झाला.

रब्बींनी यात पडावे, याला धर्मशास्त्राचा आधार काय?

तीन आधार पुन्हा पुन्हा पुढे येतात.

पहिला लेवीय १९:१६ चा : शेजाऱ्याचे रक्त सांडत असताना स्वस्थ उभा राहू नकोस. दुसरा ‘पिकुआख नेफेश’, म्हणजे जीव वाचवणे. जीव धोक्यात असेल तर शब्बाथाचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचे, नियमसुद्धा मोडावेत, मोडलेच पाहिजेत.

तिसरा आधार या चळवळीत सर्वांत जास्त वापरला गेला : ‘पिद्योन श्वुयिम’, बंदिवानांची सुटका. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने लिहिले आहे की गरिबांना अन्नवस्त्र देण्यापेक्षाही बंदिवानाची सुटका आधी, कारण बंदिवान भुकेलाही असतो, उघडाही असतो आणि त्याचा जीवही धोक्यात असतो. सोळाव्या शतकातला ‘शुल्हान आरूख’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ तर म्हणतो, सुटका शक्य असताना लावलेला प्रत्येक क्षणाचा उशीर म्हणजे रक्त सांडणेच. सिनेगॉग बांधण्यासाठी आणून ठेवलेले दगड आणि लाकूड विकून बंदिवान सोडवायलाही परवानगी आहे. (बांधून झालेले सिनेगॉग मात्र विकू नये.)

पण याच शास्त्रात लगामही आहे, आणि तो सांगितला नाही तर पुढचा वाद कळणार नाही. मिश्ना या प्राचीन संहितेत गित्तिन ४:६ मध्ये म्हटले आहे की बंदिवानासाठी त्याच्या किमतीपेक्षा जास्त खंडणी देऊ नये, आणि त्याला पळून जायलाही मदत करू नये. कारण? खंडणी वाढली की पकडणाऱ्याला चटक लागते. एक पळाला की मागे राहिलेल्यांच्या बेड्या घट्ट होतात. तेराव्या शतकात रोथेनबुर्गच्या रब्बी मेईर यांना राजाने कैदेत टाकले. परंपरा सांगते की स्वतःसाठी मोठी खंडणी द्यायला त्यांनीच नकार दिला. १२९३ मध्ये ते कैदेतच वारले आणि त्यांचा मृतदेहसुद्धा १३०७ मध्ये, तोही पैसे मोजूनच, सोडवावा लागला.

या चळवळीत १९४३ चा उल्लेख सारखा का येतो?

कारण त्या वर्षाची टोचणी हेच या चळवळीचे इंधन होते. ६ ऑक्टोबर १९४३ रोजी, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या (बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, जुन्या बोलीत दारफाळणीच्या सणाच्या) तीन दिवस आधी, सुमारे ४०० ऑर्थोडॉक्स रब्बी वॉशिंग्टनमध्ये मोर्चाने गेले. लांब काळे कोट, पांढऱ्या दाढ्या, हातात निवेदन. मागणी एकच : युरोपातले उरलेसुरले ज्यू वाचवण्यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभारा. उपाध्यक्ष वॉलेस त्यांना कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर भेटले, अध्यक्ष रूझवेल्ट भेटले नाहीत. काही प्रस्थापित ज्यू पुढाऱ्यांनाही हा मोर्चा नको होता. ‘युद्ध निर्वासित मंडळ’ जानेवारी १९४४ मध्ये स्थापन झाले, पण तोवर लाखो माणसे मारली गेली होती.

साठच्या दशकातल्या तरुण रब्बींनी हीच गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना विचारली : तेव्हा तुम्ही कुठे होता? या प्रश्नात थोडा अन्याय होता, कारण अनेकांनी शक्य ते केले होते. पण त्याने लोक हलले.

चळवळ सुरू कोणी केली?

एकट्यादुकट्याचे नाव घेणे बरोबर नाही. रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९६३ मध्ये जाहीरपणे ठणकावले की अमेरिकेतल्या ज्यू संस्था या प्रश्नावर झोपल्या आहेत. नाझींच्या तडाख्यातून ते स्वतः कसेबसे निसटले होते, घरचे बहुतेक सगळे गमावून. पुढे १९६५ मध्ये सेल्मा इथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोर्च्यात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बरोबर चालले. त्यांच्या दृष्टीने हे दोन वेगळे लढे नव्हतेच.

१९६४ मध्ये जेकब बर्नबाउम यांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांची संघटना उभी केली. १ मे १९६४ रोजी सोव्हिएत कचेरीसमोर सुमारे हजार विद्यार्थी जमले. १ मे मुद्दाम निवडला होता, कारण तो सोव्हिएतांचा मानाचा दिवस. रब्बी श्लोमो रिस्किन आणि पुढे रब्बी आवी वाइस याच संघटनेतून पुढे आले. बर्नबाउम रब्बी नव्हते, पण धर्माची भाषा रस्त्यावर कशी आणायची हे त्यांना नेमके कळत होते : शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग, यरीहोच्या भिंतीभोवतीच्या फेऱ्या, मिसरातून सुटकेची कथा.

देश सोडण्यासाठी सोव्हिएत ज्यूला काय काय करावे लागे?

ही पायरी समजली नाही, तर बाहेरच्या रब्बींनी नेमकी कुठे मदत केली ते कळत नाही.

आधी ‘विझोव’ हवा, म्हणजे इस्राएलमधल्या नातेवाइकाचे नोंदणीकृत निमंत्रण. १९६७ नंतर मॉस्कोत इस्राएलचा दूतावास नव्हता, त्यामुळे इस्राएलचे काम नेदरलँड्सचा दूतावास पाही. निमंत्रणे पोस्टात गहाळ होत, म्हणून तीन-चार वेळा पाठवावी लागत. मग कामाच्या ठिकाणाहून दाखला आणायचा. हा सर्वांत वाईट टप्पा. दाखला मागितला की साहेबाला कळले, आणि बहुतेकदा सहकाऱ्यांच्या सभेत ‘देशद्रोही’ म्हणून पाणउतारा आणि पाठोपाठ नोकरी खलास. आईवडील हयात असतील तर त्यांची लेखी संमती लागे, वयस्कर मुलालाही. कित्येक घरे याच कागदावर फुटली.

हे सगळे ‘ओव्हीर’ या व्हिसा कार्यालयात द्यायचे आणि थांबायचे. परवानगी मिळालीच, तर नागरिकत्व सोडण्याचे ५०० रूबल भरायचे, व्हिसाचे वेगळे. दोन्ही मिळून साध्या नोकरदाराचा कित्येक महिन्यांचा पगार. ऑगस्ट १९७२ मध्ये यावर ‘पदवी कर’ बसवला गेला : शिकलात त्याचे पैसे परत करा. शास्त्रज्ञ किंवा डॉक्टरला तो हजारो रूबलमध्ये जाई.

परवानगी नाकारली, तर कारण बहुधा ‘गुप्त माहिती ठाऊक आहे’ असे. नकार मिळालेल्या माणसाला ‘रिफ्यूजनिक’ म्हणू लागले. नोकरी गेलेली, आणि बेकार राहणे हा सोव्हिएत कायद्याने ‘परजीवीपणा’चा गुन्हा. म्हणून गणिताचे प्राध्यापक बॉयलरवर राखणदार झाले, अभियंते लिफ्ट चालवू लागले.

उघड निदर्शने करावीत की शांतपणे वाटाघाटी? रब्बींचे मत काय होते?

इथेच खरे भांडण होते, आणि दोन्ही बाजू ‘पिकुआख नेफेश’चेच नाव घेत होत्या.

लुबाविच परंपरेचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीयरसन उघड निदर्शनांच्या विरोधात होते. त्यांचे मत हलक्यात घेता येत नाही, कारण सोव्हिएत संघाच्या आत त्यांच्या अनुयायांचे गुप्त जाळे १९२० च्या दशकापासून होते. त्यांचे सासरे आणि पूर्वसुरी रब्बी योसेफ यित्झाक श्नीयरसन यांना १९२७ मध्ये लेनिनग्राडमध्ये अटक झाली होती. तळघरात हिब्रू शिकवणारा, चोरून सुंता करणारा, मात्झा भाजणारा माणूस कोणत्या दारामागे बसला आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या घोषणेची भीती वाटणारच. राजवट चिडली तर सूड त्या दारावर निघेल.

न्यू जर्सीचे रब्बी पिंखास टाइट्स याच वाटेचे. १९६४ पासून त्यांनी सोव्हिएत संघात २२ वेळा जाऊन अधिकाऱ्यांशी सलोखा ठेवला आणि प्रार्थनापुस्तके आत नेली. उघड टीका केली असती तर तेविसाव्या वेळीच काय, दुसऱ्याच वेळी व्हिसा मिळाला नसता.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे वेगळे : ही राजवट लाजेला भिते. तिला पाश्चात्त्य देशांशी व्यापार हवा आहे, प्रतिष्ठा हवी आहे. गप्प बसलात तर माणूस सायबेरियात नाहीसा होतो. त्याचे नाव जगभर झाले तर त्याला मारणे महाग पडते. १९७० नंतर या बाजूचे पारडे जड झाले. त्याचे कारण लेनिनग्राडचा खटला.

जून १९७० मध्ये काही जणांनी देश सोडण्यासाठी लेनिनग्राडजवळच्या विमानतळावरून छोटे विमान पळवण्याचा बेत केला. विमानात चढण्याआधीच त्यांना पकडले. २४ डिसेंबरला मार्क डिमशिट्स आणि एदुआर्द कुझनेत्सोव्ह यांना मृत्युदंड सुनावला गेला. जगभर निदर्शने झाली. योगायोगाने त्याच आठवड्यात स्पेनच्या फ्रँकोने बास्क कैद्यांची फाशी माफ केली, आणि मॉस्कोला फ्रँकोपेक्षा क्रूर दिसणे परवडणारे नव्हते. ३१ डिसेंबरला दोघांची शिक्षा १५ वर्षांवर आली. आत असलेले रिफ्यूजनिक स्वतःच निरोप पाठवू लागले की ओरडा, गप्प बसू नका. ज्याच्या मानेवर सुरी आहे तोच ओरडायला सांगतो, तेव्हा बाहेरच्या रब्बीला गप्प बसण्याचा आधार फारसा उरत नाही. आमच्या मते वादाचा निकाल या निरोपांनीच लावला. तरी शांत वाटेने गेलेली प्रार्थनापुस्तके वाया गेली असे कोणी म्हणू नये.

मॉस्कोचे रब्बी सरकारच्या बाजूने का बोलत?

मॉस्कोच्या मुख्य सिनेगॉगचे रब्बी येहुदा लेइब लेव्हिन जून १९६८ मध्ये अमेरिकेला आले आणि सोव्हिएत संघात ज्यूंशी भेदभाव होत नाही असे म्हणाले. लोक संतापले. पण त्यांच्या जागी उभे राहून पाहा. सिनेगॉगच्या व्यवस्थापनात सरकारचे कान होते, घरचे लोक मॉस्कोत ओलीस असल्यासारखे, आणि परत तिथेच जायचे. त्यांच्याच काळात सिमखात तोरा या धर्मग्रंथाच्या आनंदोत्सवाच्या रात्री त्या सिनेगॉगसमोर हजारो तरुण जमून नाचत, आणि सिनेगॉग उघडे होते. दडपणाखाली असलेल्या धर्मगुरूचे निवेदन राजवटीच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणूनही नाही.

साध्या सिनेगॉगमध्ये प्रत्यक्ष काय केले जाई?

वल्हांडणाच्या जेवणात ताटात तीन मात्झा असतात. सत्तरच्या दशकात अनेक घरांत चौथी मात्झा ठेवली जाऊ लागली, ‘आशेची मात्झा’, आणि ती उचलून ज्यांना मात्झा मिळत नाही त्यांच्यासाठी छोटे पठण होई.

ऐंशीच्या दशकात ‘जोडी’ लावण्याची पद्धत आली. अमेरिकेतल्या मुलाचे किंवा मुलीचे बार किंवा बात मित्झ्वा (धर्माच्या दृष्टीने वयात येण्याचा समारंभ) ठरले, की समिती त्याच वयाच्या सोव्हिएत मुलाचे नाव, पत्ता आणि कुटुंबाची माहिती देई. मग :

मूल त्याला पत्र लिही, साध्या भाषेत, राजकारणाविना. शाळा, कुत्रा, खेळ. पत्र नोंदणी टपालाने, पोच पावतीसह. पोच आली नाही तर टपालखात्याकडे तक्रार, कारण आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार हरवलेल्या नोंदणी पत्राला उत्तर द्यावे लागते. समारंभाच्या दिवशी व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची, तिच्यावर तालीत म्हणजे प्रार्थनेची शाल. रब्बी दोन्ही नावे पुकारी. नंतर स्थानिक वृत्तपत्राला आणि खासदाराला कळवायचे.

चूक कुठे होई? नाव चुकीचे उच्चारले जाई किंवा यादी जुनी असे. कुटुंब वर्षापूर्वीच सुटून गेलेले असे. दुसरी, जास्त गंभीर चूक : कुटुंबाची परवानगी न घेता नाव जाहीर करणे. काही घरे मुद्दाम शांत राहत, कारण त्यांचा अर्ज मंजुरीच्या उंबरठ्यावर असे.

भेटीला जाणाऱ्या रब्बींच्या पिशवीत काय असे, आणि काय नसावे?

पर्यटक म्हणून जायचे, बरोबर दुसरा माणूस घेऊन. पिशवीत प्रार्थनापुस्तके, हिब्रू शिकण्याची पुस्तके, ज्यू दिनदर्शिका, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामड्याच्या डब्या), मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायचा धर्मवचनांचा कागद), कोशर म्हणजे धर्माला चालणारी सलामी. शिवाय एक जास्तीचा कॅमेरा आणि जीनच्या पँट. यांचा धर्माशी काही संबंध नाही : नोकरी गेलेले कुटुंब ते विकून काही महिने जगत असे. प्रत्येक पुस्तकाच्या बऱ्याच प्रती नेल्या की शेरेमेत्येव्हो विमानतळावर सीमाशुल्कवाले जप्त करत. एकेक प्रत ‘स्वतःच्या वापरासाठी’ म्हणून सुटे.

पत्ते कागदावर उघड लिहू नयेत, पाठ करावेत किंवा खरेदीच्या यादीत लपवावेत. हॉटेलच्या फोनवरून कोणालाही फोन करू नये. रस्त्यावरच्या फोनसाठी दोन कोपेकची नाणी खिशात ठेवावीत. घरात शिरल्यावर महत्त्वाचे बोलणे तोंडाने नाही, मुलांच्या पुसता येणाऱ्या पाटीवर, कारण भिंतींना कान होते हे शब्दशः खरे. परतताना कोणाचे हस्तलिखित किंवा याचिका घेतली तर पकडले जाण्याचा धोका आपल्यापेक्षा ज्याने दिली त्याला जास्त, हे प्रत्येकाला आधी समजावले जाई.

डिसेंबर १९७५ मध्ये ब्रिटनचे चीफ रब्बी इमॅन्युएल याकोबोविट्स उघडपणे गेले आणि रिफ्यूजनिकांनाही भेटले. त्यांचा आग्रह वेगळा होता : जाऊ द्या एवढेच मागू नका, जे राहणार आहेत त्यांना ज्यू म्हणून जगू द्या हेही मागा. चळवळीत हा मुद्दा फार मागे पडला, आणि तो पडायला नको होता.

रब्बींना अटकही झाली का?

हो. वॉशिंग्टनमध्ये परदेशी दूतावासापासून ५०० फुटांच्या आत निदर्शने करायला बंदी होती. १९८५ मध्ये रब्बींनी जाणूनबुजून ती मोडली आणि अटक करवून घेतली. काहींनी सुटसुटीत मार्ग सोडून तुरुंगवास पत्करला. निदर्शने शब्बाथला ठेवता येत नसत, म्हणून न्यूयॉर्कचा वार्षिक मोर्चा रविवारी असे. ६ डिसेंबर १९८७ हाही रविवार. गोर्बाचेव्ह वॉशिंग्टनला पोहोचण्याच्या आदल्या दिवशी तिथे सुमारे अडीच लाख लोक जमले.

हिंसा करणारेही रब्बी होते ना?

रब्बी मेईर काहाने आणि त्यांची ज्यू डिफेन्स लीग. सोव्हिएत कार्यालयांवर हल्ले, अधिकाऱ्यांना त्रास. फेब्रुवारी १९७१ मध्ये सोव्हिएत ज्यूंसाठी भरलेल्या ब्रुसेल्सच्या जागतिक परिषदेत त्यांना येऊ दिले गेले नाही. जानेवारी १९७२ मध्ये सोव्हिएत कलाकारांचे कार्यक्रम आणणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या एका व्यवस्थापकाच्या कचेरीत बॉम्ब ठेवला गेला, आणि तिथे काम करणारी एक ज्यू तरुणीच मरण पावली. मुख्य प्रवाहातल्या रब्बींनी याचा निषेध केला. धर्माच्या कोणत्याही वाचनात याला जागा नाही.

मग शेवटी उपयोग कशाचा झाला?

एकाच गोष्टीला श्रेय देणे धाडसाचे. ३ जानेवारी १९७५ रोजी अमेरिकेत जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती कायदा झाली : जो देश नागरिकांना बाहेर जाऊ देत नाही, त्याला व्यापारात सवलत नाही. तो पदवी कर तर आधीच गुंडाळला गेला होता. पण आकडे सरळ रेषेत चालत नाहीत. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार बाहेर पडले, कायद्यानंतर १९७५ मध्ये सुमारे १३ हजार. १९७९ मध्ये ५१ हजारांहून अधिक. अफगाणिस्तानवरील स्वारीनंतर दरवाजा मिटत गेला आणि १९८६ मध्ये हजारसुद्धा नाहीत. मग गोर्बाचेव्हच्या काळात बांध फुटला.

माणसागणिक पाहिले तर चित्र स्पष्ट दिसते. रिफ्यूजनिक नातान शारान्स्की यांना १९७८ मध्ये १३ वर्षांची शिक्षा झाली आणि ११ फेब्रुवारी १९८६ रोजी बर्लिनजवळच्या ग्लीनिके पुलावरून ते सुटले. सुटकेच्या वेळी स्तोत्रांचे छोटे पुस्तक परत दिल्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणून ते बर्फात आडवे झाले होते. लेनिनग्राडच्या खटल्यातले योसेफ मेंडेलेविच श्रमछावणीत शब्बाथला काम करायला नकार देत आणि त्याची शिक्षा भोगत. हिब्रू शिकवणारे योसेफ बेगुन १९८७ मध्ये सुटले. या तिघांची नावे बाहेर प्रार्थनेत घेतली जात होती.

रब्बी फक्त स्वतःच्या लोकांसाठीच बोलतात का?

हा आक्षेप योग्य आहे आणि ज्यू समाजात आतूनही घेतला जातो. २००४ मध्ये दारफुरमध्ये सुदान सरकार आणि त्याच्या टोळ्यांनी गावे जाळली, तेव्हा लॉस एंजेलिसचे रब्बी हॅरल्ड शुलवाइस यांनी आपल्या सिनेगॉगमधून ‘ज्यूइश वर्ल्ड वॉच’ ही संस्था उभी केली. पीडित बहुसंख्य मुसलमान होते.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकआधी अमेरिकेतल्या पावणेदोनशेच्या आसपास ज्यू पुढाऱ्यांनी, त्यांत बहुतेक रब्बी, ज्यू पर्यटकांना न जाण्याचे आवाहन केले. तिबेट आणि सुदानला दिलेली मदत ही कारणे होती. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनचे चीफ रब्बी एफ्राइम मिर्विस यांनी चीनमधल्या उइगुर मुसलमानांवरील अत्याचारांवर जाहीर लिहिले. नाझी काळाशी तुलना करण्याबाबत रब्बी एरवी फार जपून असतात, म्हणूनच त्या लेखाला वजन होते.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

बेने इस्राएल समाजात परंपरेने दीक्षित रब्बी नव्हतेच; प्रार्थना चालवणारा हझान असे. पण बंदिवानांच्या सुटकेची आठवण त्यांच्या सर्वांत जुन्या सिनेगॉगमध्ये आहे. मुंबईतल्या मांडवीचे ‘शार हारहामिम’ १७९६ मध्ये सामुएल एझिकिएल दिवेकर यांनी बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याची ती कृतज्ञता, असे समाजात सांगितले जाते.

एक उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत विद्यार्थी सोव्हिएत ज्यूंसाठी उभे राहत होते त्याच १९६४ मध्ये इस्राएलला गेलेले बेने इस्राएल जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले होते, आणि ते रब्बींविरुद्ध होते. १९६२ च्या आदेशाने त्यांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करावी असे ठरवले होते. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानले पाहिजे असे बजावले आणि आदेशातले त्यांचे नाव काढले गेले.

आज एखाद्या प्रार्थनागटाला कैद्यासाठी काही करायचे असेल, तर या अनुभवातून काय घ्यावे?

एकच नाव घ्या, दहा नको. कुटुंबाशी किंवा त्यांच्या वकिलाशी बोला : प्रसिद्धी हवी की नको? उत्तर ‘नको’ असेल तर प्रार्थनेतही पूर्ण नाव घेऊ नका. ज्यू रीतीप्रमाणे स्वतःचे नाव आणि आईचे नाव एवढे पुरते. नाव जाहीर करायचे असेल तर शुद्धलेखन, जन्मतारीख, तुरुंगाचे ठिकाण आणि आरोपाचे कलम एका पानावर ठेवा आणि दर महिन्याला तपासा. पत्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पाठवा, म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याला त्याची सवय होते आणि थांबले की लक्षात येते. आपला खासदार सत्ताधारी पक्षाचा असेल तर आधी त्याला भेटा. दूतावासाने भेट दिली तर दोघांपेक्षा कमी जाऊ नका आणि बाहेर पडताच नोंद लिहून काढा.

माणूस सुटला की यादीतून नाव काढा आणि त्याच दिवशी सगळ्यांना कळवा. पण मदत थांबवू नका. मॉस्कोहून व्हिएन्नाला उतरलेल्या कुटुंबांकडे एकदोन सूटकेस आणि कुठेच न चालणारी पदवी एवढेच असे. पहिले सहा महिने त्यांना भाषा, दवाखाना आणि मुलांची शाळा यांसाठी हात लागत.